आमरीच्या वाट्याचा प्रकाश

घरातल्या कुंडीला पाणी किती घालावे, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. तिला उजेड किती द्यावा, याची चर्चा क्वचितच होते. पाणी आपल्या हातून पडते, म्हणून त्याचा हिशेब आपल्यापाशी राहतो. प्रकाश मात्र खिडकीतून न सांगता येतो आणि न सांगता जातो, त्यामुळे त्याचाही काही हिशेब असतो हे आपल्या ध्यानात येत नाही. आज ज्या वनस्पतीविषयी मी बोलणार आहे, तिच्या बाबतीत हा हिशेब चुकल्यामुळे हजारो रोपे प्राणास मुकली आणि त्यांची जागा भरून काढण्यासाठी दूरदूरची अरण्ये ओरबाडली गेली. ही वनस्पती म्हणजे आमरी; इंग्रजीत जिला ऑर्किड म्हणतात ती. तिला घरात प्रकाश किती द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता फावल्या वेळेचा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधता शोधता माणसाला शे-दीडशे वर्षे लागली, आणि ती का लागली हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम आमरी राहते कोठे ते पाहू. तिच्या कित्येक जाती जमिनीत उगवतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर त्यांची पांढरी फुले आपण पाहिली असतील. पण घरात हौसेने ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक जाती झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर राहणाऱ्या आहेत. शास्त्रात अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. आपल्या लोकांना त्यांची ओळख फार जुनी आहे. मात्र त्या ओळखीत थोडा गोंधळही आहे. झाडावर वाढणाऱ्या परक्या वनस्पतींना संस्कृतात ‘वंदा’ किंवा ‘वंदाक’ असे एक सरसकट नाव होते. सर विल्यम जोन्स यांनी ते उचलले, आणि त्यांच्या निधनानंतर १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणांतून ‘वांडा’ हे एका मोठ्या आमरी-कुळाचे नाव म्हणून जगभर रूढ झाले. त्याही आधी, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात मलबारातील झाडांवर वाढणाऱ्या आमरींची सुरेख चित्रे आली होती. त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचे प्रमाणपत्र देवनागरी अक्षरांत छापलेले आहे, ही गोष्ट मराठी श्रोत्यांना ऐकून बरे वाटेल.

झाडावर राहते म्हणून आमरीला कोणी बांडगूळ समजत. तिचे तसे नाही. बांडगूळ आश्रयदात्याच्या शिरांत मुळे घुसवून त्याचा रस ओढते. आमरी त्याच्याकडून फक्त बसायला जागा घेते. तिची जाड, रुपेरी मुळे सालीला चिकटतात, पावसाचे आणि दवाचे पाणी टिपतात. मग ती झाडावर चढून बसते कशासाठी? अरण्याच्या तळाशी काळोख असतो, आणि वर प्रकाश असतो. आमरीने जमिनीची सुपीक माती सोडली ती प्रकाशासाठी. ही एक गोष्ट जर प्रारंभीच कोणाच्या ध्यानात आली असती, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

अठराव्या शतकात जहाजांबरोबर ही रोपे इंग्लंडात पोचू लागली. १७८७ साली लंडनजवळच्या क्यू उद्यानात वेस्ट इंडीजकडील एक आमरी फुलली, तेव्हा ती वार्ता मानली गेली. १८१८ साली विल्यम कॅटली नावाच्या व्यापाऱ्याच्या काचघरात ब्राझीलहून आलेल्या एका रोपाला मोठे जांभळे फूल आले, आणि पाहणारे थक्क झाले. जॉन लिंडली या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने कॅटलीच्या नावावरून त्या कुळाला ‘कॅटलिया’ असे नाव दिले. तेव्हापासून इंग्लंडातील धनिकांना आमरीचे वेड लागले.

ही रोपे ठेवीत कोठे? ज्या काचघरांत ठेवीत त्यांना इंग्रजीत ‘स्टोव्ह’ म्हणजे शेगडीच म्हणत, आणि ते नाव अगदी योग्य होते. भट्टीच्या धुराने किंवा वाफेने तापविलेली, चोहोबाजूंनी बंद, भिंतींतून पाणी ठिबकणारी ही घरे होती. त्या काळी इंग्लंडात काचेवर वजनाप्रमाणे कर होता. त्यामुळे काच महाग आणि तावदाने लहान असत. लंडन ५१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या अखेरीस दिवस आठ तासांहूनही लहान असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. अशा मंद प्रकाशाला कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या तावदानांतून वाट काढावी लागे.

याच सुमारास लिंडली यांनी आपल्या अधिकाराचा ठसा या विषयावर उमटविला. १८३० साली त्यांनी लंडनच्या उद्यानविद्या-संस्थेपुढे झाडांवर वाढणाऱ्या आमरींच्या जोपासनेविषयी निबंध वाचला. तीव्र उष्णता, भरपूर दमटपणा आणि दाट सावली या तीन गोष्टी या वनस्पतींना आवश्यक आहेत, असे त्यात प्रतिपादन होते. उष्ण देशांतील घनदाट, ओलसर अरण्यांची जी वर्णने प्रवाशांकडून येत, त्यांच्याशी हे मत जुळणारेच होते. लिंडली हे आमरींच्या वर्गीकरणाचे जनक मानले जातात. त्यांचा शब्द म्हणजे माळ्यांना वेदवाक्य. आधीच अंधाऱ्या असलेल्या काचघरांच्या काचांना चुना फासला गेला, पडदे सोडले गेले, भट्ट्या अधिक पेटल्या.

कचेरीत काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा प्रकार अपरिचित नाही. एखाद्या तालुक्यातून आलेला अहवाल त्या तालुक्यापुरता खरा असतो. त्याचे परिपत्रक निघाले, की तो सर्व जिल्ह्यांना लागू होतो, आणि मग डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीपेक्षा परिपत्रकातील ओळ अधिक खरी वाटू लागते. अरण्य दाट असते, हे खरेच होते. परंतु त्या अरण्याच्या वाटेने चालणारा प्रवासी तळाच्या सावलीत असतो. आमरी असते वर, साठ-सत्तर फुटांवरच्या फांदीवर. प्रवाशाने आपल्या डोक्यावरची सावली नोंदविली आणि ती आमरीच्या नावावर जमा झाली.

नवल असे, की प्रकाश हे वनस्पतीच्या जीवनाचे मूळ आहे हे ज्ञान तेव्हा नवे राहिले नव्हते. यान इंगेनहाऊझ या डच वैद्याने १७७९ सालीच दाखवून दिले होते, की वनस्पती हवा शुद्ध करतात त्या उजेडात, आणि हिरव्या भागांनीच. अंधारात ही क्रिया थांबते. पन्नास वर्षांपूर्वीचा हा शोध काचघराच्या दारापर्यंत पोचला नाही. एका दालनातील ज्ञान शेजारच्या दालनात जाण्यास कधी कधी समुद्रप्रवासाहून अधिक काळ लागतो.

परिणाम व्हायचा तोच झाला. बोटीतून जिवंत उतरलेली रोपे काचघरात दोन-तीन वर्षांत संपत. त्यांची पाने प्रथम गडद हिरवी आणि लुसलुशीत होत. धनी समजे, रोप तेजीत आहे. मग कोंब लांबट आणि दुबळे निघत, फूल येत नसे, आणि शेवटी बुंधा कुजे. इंग्लंड हे उष्ण देशांतील आमरींचे स्मशान आहे, असे त्या काळाविषयी पुढे म्हटले गेले. स्मशान भरत होते म्हणून पुरवठाही वाढत होता. मेलेल्या प्रत्येक रोपाच्या जागी नवे रोप हवे, ते अरण्यातून आणायचे, आणि उंच फांदीवरची आमरी काढायची म्हणजे पुष्कळदा झाडच तोडायचे. प्रकाशाविषयीच्या एका गैरसमजाची किंमत अशा रीतीने ब्राझील, कोलंबिया, ब्रह्मदेश आणि आपला आसाम येथील अरण्यांनी मोजली.

ही चूक दुरुस्त झाली ती दोन बाजूंनी. पहिली बाजू माळ्यांची. डेव्हनशरच्या ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या सूचनेवरून जॉन गिब्सन या तरुण माळ्याला १८३५ साली हिंदुस्थानात पाठविण्यात आले. गिब्सन चेरापुंजीच्या आणि खासी टेकड्यांच्या परिसरात फिरला आणि १८३७ साली अनेक नव्या आमरी घेऊन परतला. ज्या टेकड्यांवर रात्री गारवा असतो आणि वारा सतत वाहतो, तेथील रोपे बंद शेगडीत कशी जगतील? पॅक्स्टनने आपल्या घरांत हवा खेळू दिली, उष्णता उतरविली आणि निरनिराळ्या प्रदेशांतील आमरींसाठी निरनिराळी घरे ठेवली. त्याच्या काचेच्या छपरांची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. ती सपाट नसून नांगरटीच्या सऱ्यांसारखी वरखाली होती. सकाळ-संध्याकाळचे तिरपे कोवळे ऊन त्या काचांतून सरळ आत येई, आणि भर दुपारचे प्रखर ऊन काचांवर तिरपे पडून थोडे बोथट होई. १८४५ साली काचेवरील कर उठला, आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी याच पॅक्स्टनने याच पद्धतीच्या छपराचा स्फटिक-महाल उभारला.

दुसरी बाजू प्रत्यक्ष अरण्यात गेलेल्या संशोधकांची. निळी वांडा ही आमरी विल्यम ग्रिफिथ यांना १८३७ साली खासी टेकड्यांत आढळली होती. १८५० साली जोसेफ हूकर तेथे गेले. त्यांनी ती पाहिली ती कोणत्याही गर्द, कोंदट रानात नव्हे, तर गवताळ टेकडीवरील खुरट्या ओक वृक्षांवर, मोकळ्या हवेत, वाऱ्यावर डुलणारी. हिच्यासाठी आपण घरी ज्या गरम, ओल्या, कोंदट खोल्या बांधतो त्या तिच्या मूळ स्थितीच्या अगदी उलट आहेत, हे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात स्पष्ट नोंदविले. पण याच प्रसंगाला एक विषादाची किनार आहे. त्याच हूकरांनी सात माणसांच्या खांद्यावरचे ओझे होईल इतकी रोपे क्यूसाठी काढविली. त्यांतली फारच थोडी जिवंत पोचली. त्यांच्याबरोबर आपला माळी पाठविणाऱ्या एका गृहस्थाने एका माणसाचे ओझे पाठविले, ते ३०० पौंडांना विकले गेले. ज्ञान आणि लोभ त्या टेकडीवर एकाच वाटेने चढले.

लिंडली यांच्याविषयी येथे न्यायाने बोलले पाहिजे. झां लिंडन यांच्यासारखे संग्राहक कोणती आमरी किती उंचीवर, कशा हवेत सापडली याच्या नोंदी ठेवू लागले. लिंडनच्या आमरींवर स्वतः लिंडली यांनी १८४६ साली पुस्तिका लिहिली. पुराव्यापुढे त्यांनी आपला आग्रह सोडला आणि नव्या पद्धतीचा पुरस्कार केला. मोठ्या विद्वानाचे मोठेपण त्याचे पहिले मत बरोबर असण्यावर अवलंबून नसते.

इतके होऊनही ‘पुरेसा प्रकाश’ म्हणजे नेमका किती, हे सांगता येत नव्हते. कारण प्रकाश मोजण्याचे साधन म्हणजे माणसाचा डोळा, आणि या कामी डोळ्यासारखा फसवा साक्षीदार दुसरा नाही. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, आणि खोली आपल्याला होती तशीच दिसते. भर दुपारच्या उघड्या उन्हाचे माप सुमारे एक लाख लक्स भरते. ज्या खोलीत आपण वर्तमानपत्र सुखाने वाचतो, तेथे ते तीनशे ते पाचशे असते. म्हणजे दोनशे-तीनशे पटींचा फरक. आणि डोळा त्याला नुसते ‘आत’ आणि ‘बाहेर’ एवढेच म्हणतो. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात छायाचित्रकारांसाठी सेलेनियमचे प्रकाशमापक निघाले, आणि माळ्यांनाही आकडे बोलता येऊ लागले. घराघरांत दिसणाऱ्या फॅलेनॉप्सिस या आमरीला दहा ते पंधरा हजार लक्स मानवतात. कॅटलियाला वीस ते तीस हजार लागतात. वांडाला त्याहूनही अधिक. दिवाणखान्याच्या मधल्या मेजावर ठेवलेली आमरी उपाशी का मरते, याचा उलगडा या आकड्यांत आहे.

प्रकाशाच्या मात्रेबरोबर त्याच्या कालावधीलाही महत्त्व आहे, हे १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखूच्या रोपांवर सिद्ध केले. दिवस किती लांब आहे यावरून कित्येक वनस्पती फुलण्याची वेळ ओळखतात. १९५२ साली कॉर्नेल विद्यापीठातील गॅव्हिनो रोटर यांनी हेच सूत्र आमरींना लावून पाहिले. कॅटलियाच्या काही जातींना फुलण्यासाठी लहान दिवस हवे असतात. रात्री खोलीतला दिवा जळत राहिला, तर त्यांचे फूल लांबणीवर पडते. फॅलेनॉप्सिसचे तसे नाही. तिला फुलोऱ्यासाठी काही आठवडे गारवा लागतो. दिवसाच्या लांबीची ती फारशी पर्वा करीत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे प्रश्न उलटा होतो. लंडनच्या माळ्याला प्रकाश मिळवावा लागे. आपल्याला तो आवरावा लागतो. उदाहरणादाखल छत्तीसगडातील दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे गाव घेऊ. भिलाईच्या उत्तरेस, नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींजवळ ते वसले आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, आणि या परिसरात नोकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबेही येऊन स्थिरावली. अहिवारा २१ अंशांच्या थोडे वर आहे. डिसेंबरातही तेथे दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा असतो आणि दुपारचा सूर्य ४५ अंशांवर असतो. मेच्या अखेरीस तो डोक्यावर येतो आणि पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. १८३० च्या निबंधातील सावलीची सूचना लंडनला घातक होती. तीच अहिवाऱ्याच्या मे महिन्यात शहाणपणाची ठरेल. सल्ला जसा माणसाला, तसा अक्षांशालाही उद्देशून असतो.

या मुलखाची स्वतःची आमरी हे आधीच जाणते. वांडा टेसेलाटा, जिला कित्येक वैद्य रास्ना म्हणून ओळखतात, ती मध्य भारतात आंबा, मोह अशा झाडांवर राहते. मोहाची पाने वसंतात गळतात, तेव्हा तिला भरपूर ऊन मिळते. नवी पालवी दाटली की तिच्यावर सावली येते. सह्याद्रीतील सीतेची वेणीही अशीच ऋतूंच्या हिशेबाने जगते, आणि पावसाच्या तोंडावर तिचे गुलाबी-पांढरे घोस लोंबू लागतात. पश्चिम घाटातील या आमरींची साक्षेपी नोंद फादर सांतापाव आणि झरीर कपाडिया यांनी ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ या १९६६ सालच्या ग्रंथात केली आहे. ज्याला आमरी समजून घ्यायची आहे, त्याने ती रानातून उपटू नये. तिच्या झाडाखाली उभे राहून, ऊन तिच्यापर्यंत केव्हा आणि कसे पोचते, ते पाहावे. अरण्यातील आमरींच्या व्यापारावर आज आंतरराष्ट्रीय नियमांचे बंधन आहे, आणि घरासाठी प्रयोगशाळेत वाढविलेली रोपे सहज मिळतात.

अशा रोपासाठी आपल्याकडे पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. सकाळचे दोन-तीन तासांचे कोवळे ऊन फॅलेनॉप्सिसला पुरते. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन आत येते आणि भर उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर असल्यामुळे ते बाहेरच राहते. निसर्गाची ही मोठीच सोय आहे. पश्चिमेची खिडकी मात्र वैरीण. दुपारनंतरचे तेथले ऊन पानाला भाजते. तेथे पातळ पडदा, चिक किंवा हिरवी जाळी हवीच. ज्या घरात खिडकी अपुरी आहे, तेथे आता दिव्याची सोय आहे. निळा आणि तांबडा प्रकाश वनस्पतीला सर्वांत उपयोगी पडतो, हे एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली दाखविले होते. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीसाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आज थोड्या विजेत फडताळातही आमरी फुलविता येते. फक्त दिवा जवळ हवा, आणि रात्री तो विझविला पाहिजे. काळोख हाही तिच्या आहाराचा भाग आहे.

ज्याच्यापाशी मापक नाही, त्याने दुपारी पानांच्या वर फूटभर उंचीवर हात धरावा. पानावर हाताची कडा रेखीव उमटली, तर प्रकाश प्रखर आहे; मऊ, अस्पष्ट छाया पडली, तर फॅलेनॉप्सिसला तो योग्य आहे; छाया पडलीच नाही, तर जागा अंधारी आहे. पानाला हात लावावा. ते तापलेले लागले, तर रोप मागे घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पानाचा रंग पाहावा. गर्द, काळपट हिरवे पान पाहून आपण खूश होतो, पण ती तृप्ती नसून भूक असते. जेवढा थोडा उजेड मिळतो तेवढा पकडण्यासाठी रोपाने हरितद्रव्य साठविलेले असते. किंचित पिवळसर झाक असलेले पोपटी पान समाधानी असते. तांबूस छटा आली, की ऊन अधिक होत आहे असे समजावे.

हीच गडद पाने १८३० च्या काचघरांतही होती. ती रोज सकाळी प्रत्येक माळ्याला दिसत होती, आणि प्रत्येक जण ती आरोग्याची खूण म्हणून वाचीत होता, कारण ग्रंथात तसे नसल्याचे कोठे लिहिले नव्हते. आपल्या खिडकीतील रोपही रोज काही सांगत असते. त्याचे म्हणणे ऐकून कुंडी चार बोटे पुढे सरकविण्याची किंवा मागे घेण्याची तयारी असली, तर आमरीला तिच्या वाट्याचा प्रकाश मिळतो. आणि पुढच्या ऋतूत तिचे फूल त्याची पोच देते.